फ्लॉपी नसताना बायोस : रामबागेतल्या प्रेसच्या संगणकाच्या नोंदी

मशीन काकांच्या प्रेसमधलं. इंदूरला रामबागेत त्यांचं छोटं दुकान आहे : लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, मंडळांची पावतीपुस्तकं. पेंटियम थ्री, इंटेल ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड, विंडोज ९८. मराठी जुळणीचं जुनं सॉफ्टवेअर याच मशीनवर चालतं, कारण त्याचं कुलूप, म्हणजे डोंगल, प्रिंटर पोर्टला लागतं. फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. पंचवीस वर्षांच्या फाइली दुसरीकडे उघडल्या की नुसता कचरा दिसतो. "नवा संगणक घ्या" हा सल्ला मी काकांना तीनदा दिला आहे, चौथ्यांदा देणार नाही.

२२ जून २०२४

हार्डडिस्क (२० जीबी) आठवडाभर टिकटिक करते आहे. काकांनी मला विचारण्याआधीच जुन्या बाजारातून ८० जीबीची आयडीई (जुन्या चपट्या केबलची) डिस्क ४५० रुपयांना आणून ठेवली. "चारपट मोठी मिळाली रे, त्याच पैशात." नेमकं तेच नडलं.

आधी प्रत. दोन्ही डिस्क यूएसबी जोडणीने लॅपटॉपला लावल्या आणि लिनक्सवर डीडीरेस्क्यू, म्हणजे खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम, चालवला. सहा तास लागले. चार जागी वाचता आलं नाही, पण ते तुकडे विंडोजच्या तात्पुरत्या फाइलींमध्ये निघाले. हे काम पहिल्याच दिवशी केलं, ही या सगळ्या नोंदींमधली माझी एकमेव शहाणपणाची गोष्ट.

मग ८० जीबीची डिस्क मशीनला लावली. मेमरी मोजून झाली, 'डिटेक्टिंग आयडीई प्रायमरी मास्टर' ही ओळ आली आणि मशीन गोठलं. दहा मिनिटं वाट पाहिली. केबल बदलली, डिस्कवरचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) मास्टरवरून स्लेव्हवर, म्हणजे पहिल्या डिस्कच्या जागेवरून दुसरीच्या जागेवर, नेला, वीज वेगळ्या वायरीवरून दिली. दीड तास गेला. डिस्क लॅपटॉपवर ठणठणीत.

२३ जून

कारण सापडलं. बायोस म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला, मशीन सुरू करणारा प्रोग्राम. जून १९९९ च्या आधीच्या अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये ही जुनी खोड आहे : ३३.८ जीबीपेक्षा मोठी डिस्क दिसली की ओळखताना तिथेच अडकतो. ६५,५३५ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट यांचा गुणाकार केला की तोच आकडा येतो. काही डिस्कना आपण ३२ जीबीच्या आहोत असं सांगणारा जंपर असतो. या डिस्कच्या लेबलवर तसलं काही नाही.

म्हणजे उपाय एकच, चिपमध्ये नवा बायोस लिहायचा. आपला बायोस कुठल्या तारखेचा हे बघायला मशीन सुरू होताच पॉझचं बटण दाबा, पडदा थांबतो. खाली डाव्या कोपऱ्यात एक लांब ओळ असते. आमच्याकडे तारीख मार्च १९९९ ची, आणि पुढे '२ए६९के' ने सुरू होणारा क्रमांक. हा तुकडा ४४०बीएक्सचा, त्याच्यापुढची दोन अक्षरं बोर्ड बनवणाऱ्याची. ओळ कागदावर उतरवून घेतली. फोनने फोटोही काढला, पण सीआरटी मॉनिटरच्या फोटोत काळा पट्टा नेमका त्याच ओळीवर आला. म्हणून कागद.

बनवणाऱ्याच्या जुन्या फाइलींच्या साठ्यात या बोर्डासाठी २००० सालचा बायोस मिळाला. मिळाला असं तेव्हा वाटलं. पुढे वाचा.

बोर्डाचं माहितीपुस्तक काकांनी जपून ठेवलं होतं, पंचांगांच्या गठ्ठ्यात. त्यात बायोस-संरक्षणाचा जंपर दाखवला आहे. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरसने कितीतरी मशीनचे बायोस पुसले, त्यावरून असा जंपर कशासाठी ते कळतं. तो 'लिहू द्या' या बाजूला आधीच सरकवून ठेवला. कृतीचं पान मात्र एका वाक्यात संपलं : स्वच्छ डॉसची (विंडोजच्या आधीची साधी प्रणाली, वर दुसरं काही न चढलेली) फ्लॉपी बनवा, तिच्यावर दोन फाइली, बायोस लिहिणारा फ्लॅश प्रोग्राम आणि नवा बायोस, टाका, मशीन त्या फ्लॉपीवरून सुरू करा.

२५ जून

फ्लॉपी ड्राइव्ह बाहेर काढला. आत धुळीची गादी, आणि एक पावतीचा कागद, २००७ चा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकाडीने हेड पुसलं, सरकणाऱ्या दांड्याला थेंबभर मशीनचं तेल दिलं. परत लावल्यावर दिवा लागला तो विझेचना. केबल उलटी लागली की असं होतं. माहीत असूनही मी वीस मिनिटं ड्राइव्ह मेला असं धरून बसलो होतो.

केबल सरळ केली. आता मोटर फिरते, हेड खर्र खर्र करतं आणि 'जनरल फेल्युअर' येतं. कपाटातल्या अकरा फ्लॉप्यांपैकी सात जणींच्या चकतीवर पांढरे ठिपके. पत्र्याची झडप सरकवून उजेडात धरलं की दिसतात, बुरशी आहे. अशी फ्लॉपी चुकूनही ड्राइव्हमध्ये घालू नका, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे पाडते. मी घातली. उरलेल्या चारांपैकी दोन त्यामुळे गेल्या.

२६ जून

भंगारवाल्याकडून दुसरा ड्राइव्ह, १०० रुपये. याची मोटरच फिरत नाही. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवणार होतो, पण बायोसमधली सुरुवातीच्या साधनांची यादी आधी बघितली : फ्लॉपी, सी, सीडीरॉम, स्कझी. यूएसबी नाहीच. हजारभर रुपये वाचले. नव्या कोऱ्या फ्लॉप्या शोधण्यातही अर्थ नव्हता. सोनीसारख्यांनीसुद्धा मार्च २०११ मध्ये जपानात त्या विकणं थांबवलं. जे मिळतं ते कुणाच्या तरी कपाटातलं, आणि कपाटातलं काय असतं ते कालच बघितलं.

फ्लॉपीचा नाद सोडला. यादीत सीडीरॉम आहे, म्हणजे सीडीवरून काम व्हायला हवं.

२९ जून

कोरी सीडी शोधायला अर्धा शनिवार. जेल रोडवर पहिल्या दुकानात उत्तर मिळालं, "भिया, सीडी अब कौन जलाता है?" दुसऱ्याने डीव्हीडी दाखवली. मशीनचा सीडी ड्राइव्ह मूळचा आहे, तो डीव्हीडी वाचणार नाही. शेवटी सिल्व्हर मॉलमध्ये एकाकडे पाच कोऱ्या सीडी निघाल्या, २५ रुपयांना एक. पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यूही होती. ती घेतली नाही, कारण इतके जुने ड्राइव्ह त्या सीडीला बिचकतात. पाचही घेतल्या. घरी येताना वाटलं, पाच कशाला, दोन पुरल्या असत्या.

३० जून

सीडीवरून डॉस सुरू करायची युक्ती अशी : १.४४ एमबीच्या फ्लॉपीची प्रतिमा, बरोबर १४,७४,५६० बाइटची, सीडीत बूट-प्रतिमा म्हणून बसवायची. मशीनला वाटतं ए ड्राइव्हमध्ये फ्लॉपी आहे. एल टोरिटो या पद्धतीत हे बसतं आणि त्या काळच्या बोर्डांना ते समजतं. फ्रीडॉसची (डॉसचा मोफत अवतार) कोरी प्रतिमा घेतली, लिनक्सवर ती फोल्डरसारखी उघडून तिच्यात अवॉर्डचा फ्लॅश प्रोग्राम आणि बायोसची फाइल टाकली. डॉस सुरू होताना वाचतो त्या कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक या दोन्ही फाइली रिकाम्या केल्या, कारण मेमरी सांभाळणारे प्रोग्राम चढलेले असताना बायोस लिहायचा नाही असं माहितीपुस्तकात ठळक अक्षरात आहे. फाइलींची नावं आठ अक्षरांच्या आत ठेवा. डॉस लांब नावं कापतो आणि मग आपणच आपली फाइल शोधत बसतो.

पहिली सीडी वाया. प्रतिमा बूटसाठी बसवण्याऐवजी साधी फाइल म्हणून सीडीवर कोरली. रात्री साडेअकरा वाजता असंच होतं.

दुसऱ्या वेळी सीडीची आज्ञा लिनक्सच्या एका पाककृतीतून उचलली होती. तिच्यात 'एम्युलेशन नको' असा पर्याय होता. तो लिनक्सच्या सीडीला लागतो, आपल्याला नेमकं एम्युलेशनच, म्हणजे फ्लॉपीचं सोंगच हवं. सीडी कोरण्याआधी लॅपटॉपवर आभासी मशीनमध्ये चालवून बघितली म्हणून कळलं. तो पर्याय काढला आणि मग दुसरी सीडी कोरली, सगळ्यात कमी वेगाने. मशीन तिच्यावरून सुरू झालं. पडद्यावर ए ड्राइव्हची खूण लुकलुकली तेव्हा काका म्हणाले, "झालं?" मी म्हणालो, "आता कुठे काका, आत्ता तर दार उघडलं."

काकांची रात्रीची औषधाची वेळ झाली होती. बायोस लिहायचं नंतर.

२ जुलै

सीडीवरून लिहिताना वीज गेली तर? अवॉर्डच्या बायोसमध्ये एक छोटा बूट-ब्लॉक शाबूत राहतो आणि तो मशीन वाचवू शकतो. पण कशाने? फ्लॉपीने. दुसरं काही त्याला कळत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा उपद्व्याप, तीच वस्तू मोडल्यावर हवी.

म्हणून चिपची प्रत हवी, मशीनच्या बाहेर. बोर्डावरची चिप ३२ पायांची, खोबणीत बसलेली, सोल्डर नाही. मल्हारगंजात टीव्ही दुरुस्त करणारा एक मित्र आहे. टीव्हीवाल्यांकडे चिप वाचायचं-लिहायचं यंत्र, म्हणजे प्रोग्रामर, अनेकदा असतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. चिप काढताना पेचकस एकाच बाजूने घातला आणि एक पाय वाकला. दोन्ही टोकांनी आळीपाळीने, केसभर केसभर उचला. पाय चिमट्याने सरळ केला, श्वास रोखून. चिप कोणत्या बाजूने बसवायची ती खाच आधी कागदावर काढून ठेवा.

प्रत निघाली, २,६२,१४४ बाइट. मित्राला म्हटलं, नवी फाइल पेनड्राइव्हवर आहे, इथेच लिहून टाक ना, सीडीची कटकट संपेल. तो हो म्हणाला आणि लाइट गेली. पाऊस सुरू होता, अर्धा तास वाट पाहिली, मग चिप घेऊन घरी आलो. चहा आणि समोसे, ८० रुपये. त्या दिवशी लाइट गेली नसती तर ही नोंद इथेच संपली असती, मशीनसकट. का ते पुढच्या शनिवारी कळलं.

६ जुलै

सीडीवरून मशीन सुरू केलं, फ्लॅश प्रोग्राम चालवला, फाइलचं नाव दिलं. लाल पट्टीत उत्तर : या फाइलचा पार्ट नंबर तुमच्या मशीनशी जुळत नाही.

कागद काढून अक्षर अक्षर ताडून बघितलं. बनवणाऱ्याने त्याच क्रमांकाचे दोन बोर्ड काढले होते, एकाच्या नावाला शेवटी एक अक्षर जास्त, त्यावर आवाजाची चिप बोर्डातच. मी घेतलेली फाइल त्या दुसऱ्याची. सक्तीने लिहायचा पर्याय असतो आणि तो वापरा म्हणणारे लोकही असतात. त्यांचं ऐकू नका. हा प्रोग्राम निदान विचारतो. मित्राच्या प्रोग्रामरने काही न विचारता ती फाइल चिपमध्ये उतरवली असती.

बरोबर फाइल शोधली. तिच्यातला क्रमांक आमच्या ओळीशी शेवटपर्यंत जुळतो. तिसरी सीडी.

७ जुलै, रविवार

तिसरी सीडी चालली. पार्ट नंबर जुळला. मग प्रश्न : जुना बायोस साठवायचा का? माझ्याकडे प्रोग्रामरवरची प्रत होती, पण वाकलेल्या पायाची चिप वाचून घेतलेली. एखादा पाय नीट टेकला नसेल तर ती प्रत बिनकामाची. दुसरी प्रत काढून दोन्ही ताडायच्या असं ठरवलं होतं. 'वाय' दाबलं. डॉस म्हणाला, ए ड्राइव्हवर लिहिता येत नाही. अर्थातच. ती सीडी आहे, फ्लॉपीचा नुसता मुखवटा. इतक्या दिवसांत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

लिहायला जागा हवी म्हणून जुनी टिकटिकणारी डिस्क परत लावली. तिची प्रत झालेली आहे, मेली तरी चालेल. मशीन सुरू करताना सवयीने एफ८ दाबलं गेलं आणि विंडोज ९८ ची यादी समोर आली. सहावा पर्याय : सेफ मोड, फक्त कमांड प्रॉम्प्ट.

दोन मिनिटं नुसता बघत राहिलो. विंडोज ९८ च्या पोटात खराखुरा डॉस आहे. सहाव्या पर्यायात तो कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक दोन्ही टाळून उठतो. माहितीपुस्तकाला हवा होता तो स्वच्छ डॉस पहिल्या दिवसापासून याच डिस्कवर पडलेला. फ्लॉपी ही फक्त तो डॉस आणण्याची पिशवी होती, आणि मी पंधरा दिवस पिशवी शोधत होतो.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मग त्या सीड्या?" मी विषय बदलला.

विंडोजमध्ये जाऊन सीडीवरच्या दोन फाइली सी ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये उतरवल्या. पुन्हा एफ८, सहावा पर्याय. 'मेम' लिहून बघितलं, मेमरीचा कुठलाही व्यवस्थापक चढलेला नाही. फ्लॅश प्रोग्राम फक्त साठवण्यासाठी चालवला, लिहायला नकार दिला. मल्हारगंजची प्रतही सीडीवर टाकून आणली होती (चौथी सीडी), ती याच फोल्डरमध्ये घेऊन विंडोजच्या डॉस खिडकीत 'एफसी' आज्ञेने दोन्ही ताडल्या. फरक थोड्याच बाइटचा, सगळा एकाच जागी. ती मशीनमधल्या कार्ड-उपकरणांची यादी ठेवायची जागा, उपकरणं बदलली की बदलते. बाकी तंतोतंत. वाकलेल्या पायाने दगा दिला नव्हता.

आता यूपीएस. प्रेसच्या यूपीएसची बॅटरी फुगलेली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा संध्याकाळपुरता आणला, फक्त सीपीयू आणि मॉनिटर त्यावर. आधी भिंतीवरचा स्विच बंद करून दहा मिनिटं चालवून बघितला, ही परीक्षा चुकवू नका. सेटिंगच्या पडद्यांचे फोटोही काढले, यावेळी अंधार करून. सगळे काढले असं मला वाटलं.

संध्याकाळी ७:२०. नाव टाइप केलं, खात्रीच्या प्रश्नाला 'वाय'. पट्टी पांढऱ्या चौकोनांनी भरत गेली, पत्ता ३एफएफएफएफच्या दिशेने चढत गेला. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नसेल. काका गल्ल्याजवळ उभे राहून बोटावर काहीतरी मोजत होते. खाली दोन पर्याय आले : एफ१ म्हणजे रीसेट, एफ१० म्हणजे बाहेर. एफ१.

काळा पडदा. मग बीप. 'सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड.' घाबरायचं नाही, नवा बायोस सीमॉसमधल्या, म्हणजे सेटिंग साठवणाऱ्या मेमरीतल्या, जुन्या सेटिंगला ओळखत नाही म्हणून असं म्हणतो. तळाची तारीख आता २००० ची.

मशीन बंद, जुनी डिस्क काढली, ८० जीबीची लावली. त्या ओळीवर एक क्षण थांबलं. मग पुढे गेलं, डिस्कचं नाव छापून. विंडोज ९८ उघडलं, प्रतीमधलं, काकांच्या गणपतीच्या पार्श्वचित्रासकट.

१३ जुलै

जुळणीचं सॉफ्टवेअर उघडत नाही. 'कुलूप सापडले नाही.'

डोंगल काढून परत लावलं, संपर्क पुसले, तासभर प्रिंटर केबलवर संशय घेतला. डोंगल मेलं असेल तर हे सगळं फुकट, ते बनवणारे आज कुठे शोधणार? मग आठवलं, सीमॉसची सेटिंग मूळपदावर गेली आहेत. फोटो बघितले. सगळे पडदे होते, फक्त 'इंटिग्रेटेड पेरिफेरल्स' चा नव्हता. प्रिंटर पोर्टची पद्धत तिथेच असते. तिथे आता साधा एसपीपी होता. ईपीपी करून बघितलं, नाही. ईसीपी, नाही. दोन्ही एकत्र, उघडलं. चार पर्याय, चार वेळा मशीन बंद-चालू, पाऊण तास. फोटो असता तर एक मिनिट.

उरलेल्या जागेचा डी ड्राइव्ह करायला विंडोज ९८ चा डिस्कचे भाग पाडणारा प्रोग्राम, एफडिस्क, उघडला तर तो डिस्क साधारण १० जीबीची दाखवतो. पोटात गोळा आला. पण हा बायोसचा दोष नाही. त्या एफडिस्कला ६४ जीबीच्या पुढे मोजता येत नाही, तेवढे वजा करून उरलेले दाखवतो. डिस्क लॅपटॉपला लावून जीपार्टेडने भाग पाडला, ३० जीबीचा, एफएटी३२. बाकी रिकामी ठेवली. काकांना पन्नास वर्षं पुरेल.

खर्च काकांच्या वहीत असा : डिस्क ४५०, भंगाराचा ड्राइव्ह १००, सीड्या १२५, चहा-समोसे ८०, झेरॉक्सवाल्याला पोहे-जलेबी ६०. एकूण ८१५. माझा वेळ वहीत नाही. पुन्हा करायचं झालं तर मी ३२ जीबीच्या आतलं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि आयडीई जोडणी घेईन आणि बायोसला हात लावणार नाही. पण डिस्क आधीच आणलेली होती, आणि आणलेली वस्तू परत करणं काकांच्या स्वभावात नाही.

१४ जुलै

पहिलं पावतीपुस्तक छापलं, गणपतीचं. श्रावणाच्या आधी.

फ्लॉपी ड्राइव्ह कायमचा काढून टाकू म्हटलं, बायोसमध्येही 'नन' केलं आहे. काका म्हणाले, "राहू दे तसाच. भोक मोकळं राहिलं की उंदीर शिरतात." ड्राइव्ह केबलशिवाय परत खोबणीत बसवला, चार स्क्रूंसकट.